भयानक रस : रंगमंचावरचा आणि पडद्यावरचा

सर्वपित्री अमावास्येला पितरांना निरोप दिला की नवरात्र येते, आणि त्यामागून दिवाळी. उजेडाच्या ह्या सणांच्या आगेमागेच भुताखेतांचाही एक हंगाम असतो, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनची रात्र साजरी होते. ती ख्रिस्ती संतांच्या सणाची पूर्वसंध्या असली, तरी तिच्यामागे केल्टिक लोकांच्या एका प्राचीन सणाची छाया आहे. २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबेही पाळतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात गावोगाव नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवतात आणि पहाटे ते जाळतात. पुढे कार्तिकात कोकण-गोव्यातील जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या रात्रींना आरंभ होतो. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरला की हा सर्व प्रदेश लागतो. त्यामुळे भयाच्या कलेचा विचार करण्यास आमच्या ह्या गावाइतकी सोयीची जागा दुसरी नसेल.

ह्या हंगामात कोणती नाटके व कोणते चित्रपट पाहावे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्यात एक खरी अडचण आहे. अंधश्रद्धेविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. कर्नाटकातही त्याच स्वरूपाचा कायदा २०१७ साली संमत झाला. भूतबाधेच्या नावाखाली माणसांचा छळ होतो, हे शिक्षकाने मुलांना सांगायचे. आणि त्याच तोंडाने भुताचे नाटक पाहण्याची शिफारस करायची, ती कशी? ह्या संकोचापायी वर्गात नवरसांचे विवेचन चालू असताना भयानक रस एका वाक्यात उरकला जातो. हा संकोच अनाठायी आहे, इतकेच नव्हे तर त्याने एका मोठ्या परंपरेकडे पाठ फिरविली जाते, असे आम्हांस वाटते.

आरंभ भरतमुनीपासून करू. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचा स्थायी भाव भय, वर्ण कृष्ण आणि देवता काल, असे सांगितले आहे. त्याची जी कारणे भरत देतो, त्यांत विकृत आवाज अग्रभागी आहे. मग भुतांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांमुळे वाटणारा त्रास, ओसाड घर, अरण्यात शिरणे, अशी यादी पुढे जाते. भीमगड-अनमोडच्या रानांशेजारी राहणाऱ्यांस ही यादी ग्रंथातून शिकावी लागत नाही. ह्या यादीत रक्तमांसाला स्थान नाही. किळस आणणाऱ्या गोष्टींसाठी भरताने बीभत्स हा वेगळा रस ठेविला आहे. बीभत्सातून भयानक उपजतो असे तो म्हणतो खरे, पण दोहोंचे मिश्रण करीत नाही. कानाला काहीतरी ऐकू यावे, डोळ्यांना मात्र काही दिसू नये, ह्या अवस्थेत भय वाढते. भयाच्या कोणत्याही कलाकृतीची परीक्षा ह्या एका कसोटीवर करता येईल.

दशावताराकडे ह्या दृष्टीने पाहावे. मोकळे पटांगण, बसावयास एक बाकडे, जवळ पेटी, मृदंग आणि झांज. ह्यापलीकडे सामग्री नाही. सर्व भूमिका पुरुषच करतात, आणि आपली रंगभूषा आपणच करतात. रात्री उशिरा पूर्वरंग सुरू होतो. गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती आणि ब्रह्मदेव येऊन गेले की वेद चोरणारा संकासुर प्रवेश करतो. काळा वेष आणि काळ्याने झाकलेला चेहरा घेऊन तो येतो. लहान मुले आईच्या पदरात शिरतात. मग तो तोंड उघडतो, मालवणीत बोलू लागतो, आणि पटांगण हास्याने भरून जाते. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो. नंतर रंगणारे आख्यान पहाटेपर्यंत चालते आणि दहीकाल्याने रात्र संपते.

भय आणि हास्य असे एकाच अंगरख्यात कसे नांदतात? ह्याचेही उत्तर भरताजवळ आहे. विकृत आवाज हे भयाचे कारण, तसे विकृत वेष व अलंकार हे हास्याचे कारण, असे तो सांगतो. मुळाशी विकृतीच, म्हणजे नेहमीच्या रूपाची मोडतोड. तिचा अर्थ लागेपर्यंत आपण भितो, आणि अर्थ लागला की हसतो. संकासुर मुलांना हा धडा एका रात्रीत देतो. ज्याला भ्यालो तो आपल्याच बोलीत थट्टा करतो आहे, हे त्यांच्या डोळ्यांदेखत उलगडते.

आता छापील नाटकांकडे वळू. आधुनिक मराठी रंगभूमीवर भुताला मानाने आणले ते आगरकरांनी, ही गोष्ट विशेष चिंतनीय आहे. बुद्धिवादाचा एवढा कट्टर पुरस्कर्ता दुसरा नव्हता. तरीही शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर करावे असे त्यांना वाटले. ते १८८३ साली 'विकारविलसित' ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशी ह्यांनी नायकाची भूमिका गाजविली. मृत राजाचे भूत ह्या नाटकाच्या आरंभीच पहारेकऱ्यांना दिसते. नंतर राणीच्या महालात ते पुन्हा येते, तेव्हा मात्र केवळ मुलाला दिसते; आईला तेथे रिकामी हवा दिसते. भूत आहे की नाही, ह्यापेक्षा ते कोणाला आणि का दिसते, हा प्रश्न नाटककाराने मोठा केला आहे. आगरकरांनी नाटकाला दिलेले नावच पाहावे. विकारांचे विलसित म्हणजे मनोविकारांची लीला. बुद्धिवाद्याने भुताकडे कोणत्या अंगाने पाहिले, ते त्या एका शब्दात आले आहे.

'मॅक्बेथ'ची कथा तर आमच्या प्रदेशाला अधिक जवळची आहे. ह्या नाटकाला मराठी रूप देणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. शिवराम महादेव परांजपे ह्यांनी त्यावरून 'मानाजीराव' लिहिले, आणि वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट'. परांजपे १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शिरवाडकर १९६४ साली मडगावच्या संमेलनाचे. बेळगावहून मडगावला जाणारी गाडी लोंढ्यावरून जाते. लोहमार्गाच्या दोन टोकांना अध्यक्षपद भूषविणाऱ्या दोघांनाही त्याच रक्तलांछित राजाच्या कथेची ओढ वाटावी, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

मूळ नाटकातील दोन प्रसंग वर्गात अवश्य शिकवावे. राजाचा वध झाल्यावर दारावर थाप पडू लागते. थाप मारणारा माणूस साधा आहे, त्याचे काम साधे आहे. पण तो आवाज ऐकून मारेकऱ्याबरोबर आपलेही काळीज हलते. ह्या एका थापेवर डी क्विन्सी ह्या इंग्रज निबंधकाराने १८२३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. भरताच्या विकृत आवाजाचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. दुसरा प्रसंग मेजवानीचा. मारलेल्या मित्राचे भूत राजाच्या आसनावर येऊन बसते आणि ते राजालाच दिसते, पाहुण्यांना दिसत नाही. दिग्दर्शकाने तेथे नट बसवावा की आसन रिकामे ठेवावे? नट बसविला तर प्रेक्षक राजाच्या डोळ्यांनी पाहतात. रिकामे ठेवले तर पाहुण्यांच्या. हा एक प्रश्न फळ्यावर लिहिला, तरी तासभर चर्चा चालेल.

चित्रपटाने ह्या कलेत भर घातली ती जवळून दाखविण्याच्या शक्तीची. प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) ह्या चित्रपटात व्ही. शांताराम ह्यांनी बळीच्या प्रथेसाठी हट्ट धरणाऱ्या राजगुरूचा डोळा पडदाभर दाखविला. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते ह्यांची होती, हिंदीत चंद्रमोहन ह्यांची. भूतपिशाच त्यात एकही नाही; धर्माच्या नावाने पेटलेला मनुष्याचा डोळा एवढेच भयाचे साधन आहे. अंधश्रद्धेविरुद्ध उभा असलेला हा चित्रपट भयानक रसाचाच आधार घेतो, हे आमच्या संकोची मित्रांनी ध्यानात घ्यावे. कमाल अमरोही ह्यांच्या 'महल' (१९४९) ह्या हिंदी चित्रपटात ओसाड वाडा आणि त्यातून ऐकू येणारे गाणे, एवढ्यावर सारा डोलारा उभा आहे. गाणारीचा आवाज लता मंगेशकरांचा. अखेरीस भूत म्हणून जिच्यामागे नायक धावला, ती जिवंत मुलगी असल्याचे उघड होते. पण त्याचे आयुष्य तोवर उद्ध्वस्त झालेले असते. भूत खोटे ठरले तरी वेड खरे ठरले.

मुलांसाठी निवड करताना संकासुराचा वारसा सांगणाऱ्या कलाकृती घ्याव्या. रत्नाकर मतकरी ह्यांच्या 'अलबत्या गलबत्या' ह्या बालनाट्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर ह्यांनी रंगविली होती. २०१८ साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा वैभव मांगले त्या भूमिकेत होते. महेश कोठारे ह्यांच्या 'झपाटलेला' (१९९३) ह्या चित्रपटातील तात्या विंचूला आवाज प्रभावळकरांचाच, आणि बाहुल्याचे चलनवलन शब्दभ्रमकार रामदास पाध्ये ह्यांचे. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना अमेरिकन चित्रपटातून उचललेली आहे, हे खरे. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या भाबड्या घाबरण्याने तिला मराठी मातीचा रंग चढला.

प्रौढांसाठी अलीकडच्या दोन कृती सुचवितो. विशाल फुरिया ह्यांचा 'लपाछपी' (२०१७) उसाच्या फडात घडतो. ऊस पिकविणाऱ्या बेळगाव जिल्ह्यात ह्या भयाचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही: डोक्याहून उंच वाढलेला फड, सर्व वाटा सारख्या, आणि पात्यांची सळसळ. भरताच्या अरण्याची जागा येथे शेताने घेतली आहे. ह्या भयाच्या मुळाशी मुलगी नको ह्या हट्टातून घडलेली पापे आहेत. दुसरी कृती राही अनिल बर्वे ह्यांचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी असली तरी नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' ह्या कादंबरीची आठवण देणारे, आणि प्रेरणा नारायण धारप ह्यांच्या भयकथेची. अखंड पाऊस, पडका वाडा, आणि विहिरीसारख्या गर्भागारात सोन्याचा साठा राखणारा हस्तर. नायक त्याच्याकडून मोहरा चोरतो आणि तीच विद्या मुलाला शिकवितो. शेवटी मुलगा ती संपत्ती नाकारतो. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. लोभ हेच पिशाच, हे सांगणारी कथा लोकांना शिळी वाटली नाही. मात्र ह्यात बीभत्साचा अंश आहे, तेव्हा लहान मुलांना तो दाखवू नये.

ह्या सर्व कृती शेजारी शेजारी ठेविल्या म्हणजे एक सूत्र दिसते. ह्यांतील भूत सहसा कोणाच्या तरी कृत्याचा हिशेब मागावयास येते: भावाने भावाचा केलेला घात, मित्राची हत्या, मुलींचे बळी, पिढ्यांचा लोभ. ज्याच्या मनात हिशेब थकलेला, त्याच्याच दारी थाप पडते. उलट मांत्रिक, लिंबू-मिरची आणि अंगारा ह्यांच्या बळावर ज्यांचा शेवट गोड होतो, त्या कृती प्रेक्षकाची भीती तशीच घरी पाठवितात. त्या सुचवू नयेत.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. रसाचा अनुभव म्हणजे काय, हे समजाविताना अभिनवगुप्ताने जे उदाहरण घेतले, ते भयानकाचे आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजाच्या बाणापुढे जिवाच्या आकांताने पळणारे हरिण त्याने निवडले. तो म्हणतो, हे हरिण अमुक एक नाही, त्याला भिवविणाराही खरा नाही. म्हणून प्रेक्षकाच्या मनात जे उरते ते स्थळकाळापासून सुटलेले नुसते भय. 'मी भ्यालो', 'हा माझा शत्रू' अशा भावनेहून ते निराळे असते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. ज्याला समोरचे भूत खरे वाटते, त्याच्या वाट्याला हा आस्वाद येतच नाही; तो उठून पळून जातो. म्हणजे भयानक रस भोगण्यास अंधश्रद्धा उपयोगी पडत नाही, ती आडवी येते. भुताच्या नाटकात रमणारा विद्यार्थी भय आणि भयाचे कारण ह्यांच्यात अंतर ठेवावयास शिकतो. मांत्रिकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नेमके तेच साधत नाही.

तेव्हा ह्या कार्तिकात शिक्षकांनी मुलांना एखाद्या जत्रेतील दशावताराला न्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दोनच प्रश्न विचारावे: तुम्ही केव्हा भ्यालात, आणि त्या वेळी कानांवर काय पडत होते? उत्तरे वहीत उतरवून घ्यावी, आणि मगच नाट्यशास्त्रातील यादी त्यांच्यापुढे ठेवावी. आपण आदल्या रात्री अनुभविले ते कोणीतरी शतकांपूर्वी टिपून ठेविले आहे, हे पाहून मुलांना जो आनंद होईल, तो परीक्षेसाठी पाठ केलेल्या व्याख्येतून मिळणारा नाही.