जुनी इस्टेट गाडी : आधी पत्रा, मग रंग

मागच्या सीटमागे छप्पर तसंच पुढे गेलेलं आणि खाली सामानाला ऐसपैस जागा, ती स्टेशन वॅगन. टाटांनी १९९२ साली आणलेली 'इस्टेट' याच जातीची. अशी जुनी गाडी हौसेनं उभी करणारे आहेत. उद्या आपल्याही घरात कुणी म्हणेल, "घेऊया का?"

आधी आरसी बुक मागा, चासी नंबर त्याच्याशी जुळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी.

मग पायातली मॅट उचला. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरचे कोपरे पेचकसानं टोचा. पत्रा आत गेला तर तो कापून नवा वेल्डिंग करणंच आलं. गंजावर नुसती पुट्टी भरली तर आत गंज चालूच राहतो आणि वरचा रंग फुगतो. विकणारा रंगच दाखवतो, हे आपल्याला साडीच्या दुकानातही माहीत आहे!

त्यानंतर ब्रेकच्या रबरी नळ्या बदला. दिव्यांना रिले लावा. सगळा करंट जुन्या स्विचमधून गेला की तो तापतो. गाणी, गाद्या शेवटी. आणि यासाठी गटाचं कर्ज मागितलंत, तर मी सही करणार नाही.