धड कार्टूनचं, डोकं तुमचं!

दोस्तांनो, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे कधी फोटो काढून घेतलाय? पुठ्ठ्याचं विमान आणि त्याला एक गोल भोक. भोकातून डोकं बाहेर काढलं, की झालात पायलट! शेजारी एक पैलवान रंगवलेला असायचा. त्याच्या पिळदार धडावर एखाद्या काडीपैलवान काकांचं चष्मेवालं डोकं आलं, की सगळी जत्रा हसायची. आईबाबांना विचारा, जुन्या आल्बममध्ये असा फोटो सापडेलही.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनाही हीच हौस होती, बरं का! खेळातला हीरो उड्या मारणार, शर्यती जिंकणार. मग त्याचा चेहरा खेळणाऱ्याचाच का असू नये?

पहिला प्रयत्न फार जुना आहे. टीव्हीला जोडून घरी खेळायच्या व्हिडिओ गेमचे जनक म्हणजे राल्फ बेअर. नाणं टाकून खेळायच्या मशीनला कॅमेरा लावायचा, अशी कल्पना त्यांच्या डोक्यात आली. सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याचं नुसतं नाव कशाला? पडद्यावर त्याचा फोटोच झळकू दे! अमेरिकेतल्या बॅली मिडवे कंपनीने तसं मशीन तयार करून लोकांसमोर ठेवलं. आणि काय झालं असेल? एका वात्रट गिऱ्हाइकाने कॅमेऱ्यासमोर तोंड आणलंच नाही. पाठ फिरवली, पँट खाली केली आणि... पुढचं तुम्हीच ओळखा! कॅमेऱ्याची कल्पना तिथेच बारगळली. केलेलं काम मात्र फुकट गेलं नाही. १९८३ साली त्याच कंपनीचा 'जर्नी' नावाचा गेम आला. त्यात त्याच नावाच्या रॉक बँडमधल्या पाच जणांची काळी-पांढरी फोटोतली डोकी कार्टूनच्या धडांवर बसवली होती.

खरी मजा सुरू झाली १९९८ मध्ये. निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'गेम बॉय' या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी कॅमेरा काढला. कॅसेट बसते त्याच खाचेत तो बसायचा. वर डोळ्यासारखं गोल भिंग. ते फिरवून आपल्याकडे वळवता यायचं. म्हणजे सेल्फी हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी ही पोरं सेल्फी काढत होती! फोटो असायचा आडवे १२८ आणि उभे ११२ ठिपक्यांचा. करा गुणाकार : १४,३३६ ठिपके. रंग नाहीतच, फक्त चार छटा : पांढरी, फिकट करडी, गडद करडी आणि काळी. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो लाखो ठिपक्यांचा असतो. तरीही त्या चार छटांत मित्र ओळखू यायचा, हेच नवल! (आलेखाच्या वहीत पेन्सिलीने करून बघा. डोळे आणि भुवया जमल्या, की माणूस जमला.) जोडायला छोटासा प्रिंटरही वेगळा विकत मिळायचा. तो बसच्या तिकिटाच्या मशीनसारखा, उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर फोटो छापायचा. आणि कॅमेऱ्यातच छोटे खेळ होते. त्यात झेलाझेली करणाऱ्या गड्याच्या मानेवर तुमचं डोकं बसायचं!

पण हे झालं सपाट चित्र. ज्या खेळातली माणसं सगळीकडून दिसतात, गोल वळतात, तिथे काय करायचं? एक नारळ घ्या आणि त्यावर तुमचा पासपोर्ट फोटो चिकटवा. समोरून ठीक दिसेल. बाजूने पाहिलं तर गाल ताणलेले आणि कान गायब. संगणकाचंही अगदी हेच होतं. म्हणून चांगल्या गेममध्ये नुसतं समोर बघून भागत नाही, मान डावी-उजवीकडे वळवायला सांगतात. मग संगणक डोळे, नाक, ओठांचे कोपरे शोधतो आणि फोटोचं 'कातडं' डोक्याच्या साच्यावर ताणून बसवतो. शोधण्यात चूक झाली, की फजिती! २०१४ च्या 'एनबीए टूके१५' या बास्केटबॉलच्या गेममध्ये कितीतरी जणांचे असे चेहरे तयार झाले, की एक डोळा कपाळाकडे आणि तोंड थेट गालावर. लोकांनी ती भुतं एकमेकांना हौसेने दाखवली.

आता जरा गंभीर गोष्ट.

इंग्लंडमधली रेअर ही कंपनी निन्टेन्डो-६४ साठी 'परफेक्ट डार्क' हा गेम बनवत होती. बंदुकांचा खेळ. त्याआधीच्या 'गोल्डनआय' गेममध्ये पहारेकऱ्यांना चेहरे हवे होते, तेव्हा कंपनीतल्यांनी स्वतःचेच फोटो वापरले होते. आता त्यांनी ठरवलं, की खेळणाऱ्यांनाही ही संधी द्यायची. गेम बॉयच्या कॅमेऱ्याने मित्रांचे फोटो काढा, खेळातल्या माणसांना ते चेहरे द्या आणि खेळा. सोय तयार होत होती.

एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेत गोळीबार केला. बरोबरची मुलं मेली, एक शिक्षक गेले. बंदुकांच्या खेळांवर वाद पेटला. आता विचार करा : एखाद्या मुलाने वर्गातल्या नावडत्या मुलाचा किंवा बाईंचा फोटो काढून तो गेममध्ये घातला तर? मे २००० मध्ये 'परफेक्ट डार्क' बाजारात आला, तेव्हा चेहऱ्यांची सोय काढून टाकलेली होती. कंपनीने कारण दिलं तांत्रिक अडचणींचं. खरं मोठं कारण हीच धास्ती होती, हे पुढे उघड झालं.

गंमत बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये निन्टेन्डोचाच 'टॅलेंट स्टुडिओ' आला होता. त्यातही फोटोतला चेहरा बाहुल्यांना लावता यायचा. पण त्या बाहुल्यांना कपडे घालायचे आणि त्यांचा सिनेमा काढायचा. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती! मला विचाराल, तर रेअरने केलं ते बरंच केलं. मित्राचं डोकं पैलवानाच्या धडावर बसवणं वेगळं आणि नेम धरायच्या पाटीवर लावणं वेगळं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, "मित्रानेच हो म्हटलं तर?" प्रश्न बरोबर आहे. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वरच्या 'रेनबो सिक्स : व्हेगास'मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून आपला चेहरा सैनिकाला देता येऊ लागला. तोही बंदुकांचाच खेळ. फरक असा, की इथे स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून मान वळवून दाखवावी लागे. दुसऱ्याचा चेहरा गुपचूप उचलणं तितकं सोपं नव्हतं.

आणि २०११ साली आलेल्या निन्टेन्डो थ्रीडीएसमध्ये तर 'फेस रेडर्स' हा खेळ यंत्रातच भरलेला होता. कुणाचाही फोटो काढा. त्याचा चेहरा शिरस्त्राण घालून तुमच्याच खोलीत उडताना दिसतो, वेडावून दाखवतो आणि तुम्ही त्याला चेंडू मारायचे. बंदूक नाही, रक्त नाही. लहान भाऊ स्वतःच "माझा काढ, माझा काढ" म्हणून मागे लागतो! एकच पंचाईत. खेळता खेळता कॅमेऱ्याला समोर दुसरा चेहरा दिसला, तर तोही हा खेळ उचलून उडवू शकतो. तेव्हा भिंतीवर पणजोबांचा हार घातलेला फोटो असेल, तर दोस्तांनो, तिकडे पाठ करूनच खेळा.