दिवाळे निघाले की काढले?

डिंडोली सुरतेत असली, तरी इथल्या अनेक घरांची मुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडची आहेत. पांडेसरा, उधना इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या या मंडळींच्या बोलण्यात ‘कंपनी बसली’, ‘कंपनी बुडाली’ अशी वाक्ये सहज येतात. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. त्यामुळे कंपनी कोणी बुडवली, हा प्रश्न वाक्यात उरतच नाही. कायदा मात्र नेमका तोच प्रश्न विचारतो.

हा भेद दाखवण्याची सोय मराठीत आहे. ‘दिवाळे निघाले’ यात घटना घडते. ‘दिवाळे काढले’ यात कोणाचा तरी हात दिसतो. ‘नादारी’ हा शब्द शिक्षकांना फीमाफीच्या संदर्भात ठाऊक आहे. कायद्यात त्याचा अर्थ देणी भागवण्याची ऐपत न उरणे. नादारी हा गुन्हा नव्हे. धंद्यात खोट येतेच. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे, वैयक्तिक हमी दिली नसेल तर, तिचे कर्ज सहसा संचालकाच्या घरादारावर येत नाही. एकाच्या मालकीच्या किंवा साध्या भागीदारीतल्या कारखान्याला हे संरक्षण नाही. आपण मात्र अशा प्रत्येक कारखान्याला ‘कंपनी’च म्हणतो.

‘नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६’ लागू झाली, की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि नेमलेला व्यावसायिक कारभार हाती घेतो. संचालकांनी त्याला कागदपत्रे आणि सहकार्य देणे बंधनकारक असते. कलम ६६ पुढे जाते. धनकोंना फसवण्याच्या हेतूने धंदा चालवला असेल, तर त्यात जाणूनबुजून सामील असलेल्यांना न्यायाधिकरण स्वतःच्या खिशातून भर घालायला लावू शकते. कंपनी नादारीतून वाचण्याची वाजवी आशा उरलेली नाही, हे संचालकाला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, आणि तरीही धनकोंचे नुकसान कमी करण्याची काळजी त्याने घेतली नाही, तरी तो जबाबदार ठरू शकतो. ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर त्यामुळे नेहमीच पुरत नाही.

सुरतेने दोन मोठी प्रकरणे पाहिली. हजिऱ्याच्या एस्सार स्टीलचे प्रकरण २०१७ मध्ये अहमदाबादच्या न्यायाधिकरणात दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१९ च्या निकालानंतर ती कंपनी नव्या मालकांकडे गेली. कारखाना चालूच राहिला. म्हणजे नादारीत गेलेली प्रत्येक कंपनी ‘बुडत’ नाही. मगदल्ल्याला गोदी असलेली एबीजी शिपयार्ड मात्र २०१९ मध्ये अवसायनात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सीबीआयने बँकांच्या २२,८४२ कोटी रुपयांच्या फसवणुकीच्या आरोपावरून तिच्यावर आणि तिच्या माजी संचालकांवर गुन्हा नोंदवला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे; पण ‘काढले का?’ हा प्रश्न तिथे अधिकृतपणे विचारला गेला.

कामगारासाठी हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. अवसायनात कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी, आपले तारण सोडून दिलेल्या तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतील कामगारांचे पैसे कंपनीच्या विक्रीयोग्य मालमत्तेत धरले जात नाहीत. मात्र थकलेल्या पगारासाठी मुदतीत दावा करावा लागतो. त्याची जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते. सुरतेत ही प्रादेशिक भाषा अर्थातच गुजराती. मराठीत शिकलेल्या कामगाराच्या नजरेतून ती सहज निसटू शकते.

इथे भाषेच्या शिक्षकाला काम आहे. नादारी, अवसायन, धनको, दावा हे शब्द पारिभाषिक कोशातून वर्गात आणि चाळीत यायला हवेत. प्रयोग शिकवताना ‘कंपनी बुडाली’ आणि ‘कंपनी बुडवली’ ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. कोणावर आरोप करण्यासाठी नव्हे. कर्ता कोण, हे विचारायची सवय लागावी म्हणून. ज्याला हा प्रश्न मराठीत विचारता येतो, त्याला हक्काचा अर्जही वेळेत लिहिता येतो.