किल्लीमागची टिक

मे महिन्याची दुपार, जुन्या महामार्गाने पनवेल गाठायचं, चहा घ्यायचा आणि निघताना किल्ली फिरवली की गाडीने नुसतं ‘टिक’ म्हणायचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली पद्मिनी जिवापाड जपणाऱ्यांना हे सांगायला नको. बॅटरी ठणठणीत, सेल्फची मोटरही ठीक. मग अडतं कुठे?

सेल्फची मोटर शंभराहून अधिक अँपिअर खाते. एवढा प्रवाह किल्लीला झेपत नाही, म्हणून मध्ये सोलेनॉइड असतो. पण त्यालाही खेच घेताना क्षणभर 30 अँपिअरच्या आसपास लागतात आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ते थेट किल्लीच्या स्विचमधून जातात. वाटेत जुन्या तारा, झिजलेले पॉइंट, खाडीकडच्या दमट हवेने हिरवं पडलेलं तांबं. या साऱ्याचा रोध जेमतेम 0.1 ओहम धरला, तरी 30 अँपिअरला 3 व्होल्ट वाटेतच जिरतात! त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. सकाळी मुकाट चालू होणारी गाडी दुपारी रुसते ती यामुळे.

आता रिले बसवा. काडेपेटीहून लहान डबी. किल्लीकडून सोलेनॉइडला जाणारी तार काढून डबीच्या 86 क्रमांकाच्या टोकावर, 85 क्रमांकाचं टोक अर्थिंगला. बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार 30 क्रमांकावर, आणि 87 वरून तशीच जाड तार सोलेनॉइडला. डबीतल्या वेटोळ्याला 0.15 अँपिअर पुरतात. रस्ता तोच, 0.1 ओहमही तेच. पण वाया जातात फक्त 0.015 व्होल्ट. दोनशेपट कमी!

सोलेनॉइड हाही मुळात रिलेच. म्हणजे छोट्या रिलेने मोठ्याला हुकूम द्यायचा. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने 1835 च्या सुमारास ही युक्ती दाखवली, तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. लांबच्या तारेत क्षीण झालेला तारायंत्राचा संदेश पुढे ढकलायला ती कामी आली. किल्लीची तार जेमतेम चार हात, पण दुखणं तेच.

एक मात्र आहे: इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर रिले काही करणार नाही, आधी ती घासून पाहा. आणि काम करताना बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, गाडी न्यूट्रलमध्ये आणि 30 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, हे वायरमनकडून करून घेतानाही स्वतः बघून घ्या.