मागे मारामारी चालू असताना काका पुढे का बघत होते?

“काका, हा मला चिमटा काढतोय!” गेल्या वर्षभरात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवायला हवी होती, कारण माझं पीएचडीचं काम साधारण त्याबद्दलच आहे. पुण्यातल्या स्कूल बसमध्ये मी मागच्या बाकावर वही घेऊन बसते आणि चालक, मावशी (म्हणजे बसमधल्या मदतनीस) आणि मुलं एकमेकांशी कशी वागतात ते टिपते. शाळेची आणि पालकांची परवानगी घेतलेली आहे. नावं मात्र कुठेच लिहायची नाहीत असं ठरलंय, त्यामुळे इथेही सगळे ‘काका’ आणि ‘मावशी’च राहतील.

“बसमध्ये बसून संशोधन? त्यात शोधायचं काय?” असं बरेच जण विचारतात. म्हणून आजची पोस्ट. एका दुपारी घडलेल्या गोष्टीपासून सुरू करते.

दुपारची सुटी झाली होती आणि बस एका सोसायटीच्या गेटपाशी थांबली होती. चार मुलं उतरली. त्याच वेळी मागे खिडकीच्या जागेवरून दोघांची जुंपली. दप्तराने हाणाहाणी, आरडाओरडा, बाकीच्यांच्या टाळ्या. मावशी दार सोडून मागे धावल्या. मीही तिकडेच बघत होते. काकांनी मात्र मान वळवली नाही. त्यांनी गाडी हलवली नाही आणि हॉर्नही वाजवला नाही. दोन्ही आरशांत पाहिलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. बसच्या अगदी तोंडाशी, बंपरखाली गेलेलं बाटलीचं झाकण काढायला एक पहिलीतला मुलगा गुडघ्यांवर बसला होता.

नंतर मी त्यांना विचारलं, “मागे एवढी मारामारी चालली होती, तुम्ही वळलात कसे नाही?”

ते म्हणाले, “ताई, मागचे सगळे गाडीत होते. उतरले चार आणि फुटपाथवर दिसत होते तीन.”

माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या उत्तरात मावतं.

धोका कुठे असतो?

आपल्याला वाटतं, बसमध्ये दंगा झाला की मुलांना लागेल. लागतं, नाही असं नाही. पण जिवावरचा मोठा धोका बसच्या बाहेर, चढता-उतरताना असतो. अमेरिकेत स्कूल बसचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे. तिथे मुलांना आणि चालकांना बसभोवतीचा साधारण दहा फुटांचा पट्टा ‘धोक्याचा पट्टा’ म्हणून शिकवतात, कारण त्यात उभं असलेलं लहान मूल उंच बसलेल्या चालकाला दिसत नाही. उतरलेली मुलं मोजायची आणि आकडा जुळेपर्यंत गाडी हलवायची नाही, हाही तिथल्या प्रशिक्षणाचा भाग. आपल्या काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच बसवलं होतं.

तिकडे बस थांबली की बाजूला थांब्याची लाल पाटी बाहेर येते आणि इतर गाड्यांना थांबावंच लागतं. आपल्या रस्त्यावर नेमकं उलटं. दार डावीकडे, आणि बस व फुटपाथ यांच्यामध्ये चार फूट जागा दिसली की दुचाकी तिथूनच घुसते. म्हणून दारापाशी माणूस हवाच. त्या दुपारी तोच माणूस भांडण सोडवायला मागे गेला होता.

थोडक्यात, मुलांचं वागणं आणि मुलांची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत. मागच्या बाकावरचं भांडण मागच्या मुलांपेक्षा पुढे उतरणाऱ्या मुलाला महागात पडू शकतं, कारण ते मोठ्या माणसांचं लक्ष खातं.

लक्ष खाणं म्हणजे काय?

साधा हिशेब करू. बस ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. चालकाने “ए, खाली बस!” म्हणत मागच्या आरशात दोन सेकंद पाहिलं, तर तेवढ्यात बस २२ मीटर पुढे गेली. मोठ्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, जवळजवळ तेवढं अंतर कुणाचंच रस्त्याकडे लक्ष नसताना कापलं गेलं.

वर्गातल्या शिक्षकांची आणि चालकाची परिस्थिती इथे वेगळी होते. शिक्षक मुलांकडे तोंड करून उभे असतात. चालकाची मुलांकडे पाठ असते, आणि ती तशीच असायला हवी.

मग ओरडणं का सुटत नाही?

ओरडल्याने काम होतं म्हणून! निदान मिनिटभर तरी. वर्तनाच्या अभ्यासात आम्ही तीन गोष्टी बघतो: वागण्याच्या आधी काय होतं, वागणं काय होतं, आणि नंतर काय मिळालं. काका ओरडतात, गोंगाट थांबतो, काकांना बरं वाटतं. म्हणजे ओरडण्याचं बक्षीस काकांना लगेच मिळालं. तिकडे मुलालाही काहीतरी मिळालंच. अख्खी बस त्याच्याकडे बघून हसली. दोघांनाही फायदा झाल्यामुळे उद्या दोघेही तेच करणार. यात कुणाचा स्वभाव वाईट नाही. दोघं नकळत एकमेकांना शिकवत राहतात.

यावर काय चालतं, हेही तपासून झालंय. १९७२ साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. अपंग मुलांच्या बसमध्ये गाणी लावली. कुणी जागेवरून उठलं की गाणी बंद, सगळे बसले की परत सुरू. १९८१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बसमध्ये आवाज टिपणारं यंत्र बसवलं. गोंगाट मर्यादेत राहिला तर मुलांना आवडीचं संगीत मिळायचं. गोंगाट तर कमी झालाच, पण धक्काबुक्की आणि जागा सोडणंही कमी झालं. दोन्हीकडे चालकाला भाषण द्यावं लागलं नाही. आपल्या वागण्याचा परिणाम काय होतो, हे मुलांना लगेच आणि दरवेळी कळत होतं.

अर्थात सगळ्यांना एकत्र शिक्षा मिळाली की एखाद्यावर बाकीचे तुटून पडतात, ही अडचण आहेच. म्हणून मला २००३ सालचा एका प्राथमिक शाळेतला अभ्यास जास्त आवडतो. तिथे बसमध्ये चांगलं वागणं म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना मुलांनाही सामील करून घेतलं. नीट वागणाऱ्या मुलाला चालक कार्ड द्यायचे आणि त्या कार्डांची शाळेत सोडत निघायची. बसमधल्या वागण्यावरून होणाऱ्या तक्रारी आणि मुलांना बसबंदी करण्याचे प्रसंग कमी झाले. बारकाईने पाहिलं तर गंमत कार्डात नाही. चालकाने दिलेल्या कार्डाला शाळेत किंमत होती, ही खरी गोष्ट.

आपल्याकडे अडतं कुठे?

नियम आपल्याकडेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीतल्या वाहतुकीच्या प्रकरणात स्कूल बससाठी निर्देश दिले होते. त्यात चालकाला अवजड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा, बसमध्ये मदतनीस हवा, असं सांगितलं होतं. महाराष्ट्रात २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आले. मदतनीस, मुली असतील तर महिला मदतनीस, आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती, हे सगळं त्यात आहे.

तरी माझ्या वहीत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. मूल पडलं तर पहिला जाब चालकाला. पण रोज खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या मुलाबद्दल चालकाने सांगायचं कुणाला? शाळा म्हणते ठेकेदाराला सांगा, ठेकेदार म्हणतो सांभाळून घ्या, आणि पालक म्हणतात, “आमचा मुलगा असा नाहीच.” एक काका मला म्हणाले होते, “ताई, बोललो तर तक्रार, नाही बोललो तर अपघात.” जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य, अशा जागी माणूस एक तर ओरडतो नाहीतर गप्प बसतो.

चांगले चालक काय करतात?

मी ज्या काकांकडून सर्वांत जास्त शिकले, त्यांचं काम चाक फिरायच्या आधीच झालेलं असतं. जागा ठरलेल्या, भांडणारे दोघे एकमेकांपासून लांब. सगळ्यांत लहान मुलं पुढे, मोठी मागे. चढणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक. नियम तीनच: बसून राहायचं, हात आत ठेवायचे, उतरल्यावर बसच्या पुढून जायचं नाही. बस चालू असताना मागचं सगळं मावशींकडे. थांब्यावर मात्र मावशी दारात, मागे काहीही होवो. फारच झालं तर सुरक्षित जागी बस बाजूला घ्यायची, हँडब्रेक लावायचा, मग मागे वळून हळू आवाजात बोलायचं. आणि शेवटची फेरी संपली की मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीट बघायची, कारण झोपलेलं मूल आवाज करत नाही.

त्या दुपारनंतर या बसमध्ये एक बदल झाला. “मारामारी झाली तरी दार सोडायचं नाही,” असं काकांनी मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, “आणि मागे कुणाचं डोकं फुटलं तर?” प्रश्न रास्तच होता. मग काकांनी ठरवलं की मागे भांडण लागलं तर आधी दार बंद, उतरलेल्यांची मोजणी पूर्ण, आणि तोवर बस जागची हलणार नाही. यात दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांसाठी पुढच्या स्टॉपवरच्या पालकांचे फोन येतात.

म्हणून पालकांना एक विनंती. बसला दोन मिनिटं उशीर झाला तर लगेच काकांना फोन लावू नका. ते कदाचित मुलं मोजत असतील. आणि पुढच्या पालकसभेत एवढं जरूर विचारा: बस थांबते तेव्हा मावशी कुठे उभ्या असतात, आणि काकांनी एखाद्या मुलाबद्दल काही सांगितलं तर शाळेत ते कोण ऐकून घेतं? तुमच्या शाळेत काय उत्तर मिळालं ते मला कळवलंत तर आनंद होईल. पुढच्या पोस्टमध्ये मावशींच्या कामाबद्दल लिहिणार आहे.