वर्ध्याच्या वेशीवरील वार्धक्य

एप्रिल 1936 मध्ये महात्मा गांधी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले तेव्हा त्यांनी वयाची 66 वर्षे ओलांडली होती. आजच्या कायद्याने ते ज्येष्ठ नागरिकच ठरले असते. वर्धा जिल्ह्यातील वृद्धांच्या वसतीचा मागोवा तेथूनच आरंभावा असे मला वाटते. कारण माती, बांबू आणि कवेलू यांनी उभारलेल्या, खर्चाला शंभर रुपयांची मर्यादा घातलेल्या त्या कुट्यांतून, उतारवयात माणसाला किती आणि कसले घर लागते याचा जो निर्णय झाला, त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून नंतरच्या कोणत्याही तजविजीची पारख होत नाही. कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या परचुरे शास्त्रींसाठी गांधीजींनी कुटी बांधविली ती आश्रमाच्या कुंपणाबाहेर नव्हे, तर आपल्या निवासाच्या निकट. ज्याला शुश्रूषा हवी त्याला वस्तीच्या कडेला न लोटता तिच्या मध्यावर आणावे, हा त्या रचनेतला विचार होता.

पवनारास धाम नदीच्या काठी विनोबा 1938 साली आले आणि 1959 साली तेथे त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर हा भगिनींचा आश्रम स्थापिला. तारुण्यात तेथे आलेल्या भगिनी तेथेच वृद्ध झाल्या. स्वयंपाक, शेती, प्रकाशन ही कामे शक्तीनुसार वाटून घेत त्यांनी जे सामुदायिक जीवन चालविले, त्यात वार्धक्यासाठी निराळी इमारत नव्हती, आणि तिची उणीव भासल्याचेही दिसत नाही. स्वतः विनोबांचे अखेरचे तप, 1970 पासून 1982 पर्यंतचे, याच परिसरात क्षेत्रसंन्यासात, म्हणजे ते ठिकाण न सोडण्याच्या व्रतात, गेले.

सरकारदरबारी या प्रश्नाची दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली. 1995 साली राज्याने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. 2007 च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेले एक तरी गृह असावे अशी तरतूद आली, परंतु तिची अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर राहिली. आणि 2018 च्या राज्य धोरणाने ज्येष्ठत्वाची वयोमर्यादा 65 वरून 60 वर आणली. हे सारे निराधारांच्या हिताचे होते, यात शंका नाही.

परंतु या मधल्या काळात वर्धा शहर पालिकेच्या हद्दीबाहेर वाढत गेले होते. सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी या ग्रामपंचायतींच्या शेतजमिनी अकृषक होऊन तेथे ले-आउट पडले, आणि निवृत्त शिक्षक, रेल्वेचे नोकर, कचेऱ्यांतील कारकून यांनी भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून तेथे घरे बांधली. मुले पुण्यास वा बंगळुरास गेली. वरचा मजला कुलूपबंद राहिला. कोणी ठरविले नव्हते, कोणी मंजुरी दिली नव्हती, तरीही या घरांच्या ओळी वृद्धांची वसाहत होऊन बसल्या, आणि तिच्याकडे वसाहत म्हणून कोणीच पाहिले नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

तिकडे पुण्यात बांधकाम व्यावसायिक परांजपे यांच्या ‘अथश्री’ने निर्वाहक्षम ज्येष्ठांसाठी स्वतंत्र संकुलांचा पायंडा पाडला. 2024 साली महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, अशा प्रकल्पांसाठी नियम केले: एकाहून अधिक मजले असल्यास उद्वाहन, 900 मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, चाकाच्या खुर्चीस उतरण, न्हाणीघरात आधाराचे दांडे. हे नियम योग्यच आहेत. मात्र ते दाराची रुंदी मोजतात, दारात कोण येईल हे त्यांच्या कक्षेत येत नाही. उद्या वर्ध्याच्या उपनगरांत अशी योजना छाननीस आली तर केवळ नकाशा पाहून भागणार नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वा सावंगीचे रुग्णालय रात्री किती वेळात गाठता येते, हेही पाहावे लागेल. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेल्यावर वीज खंडित झाली तर काय सोय आहे, हे विचारावे लागेल. आणि सदनिका मालकीची की अनामतीवरची, अनामत असल्यास ती वारसांना कधी परत मिळते, व देखभालीचा आकार वीस वर्षांनी निवृत्तिवेतनात बसेल काय, हे करारनाम्यातच स्पष्ट झाले पाहिजे.

तथापि माझी पहिली मागणी नव्या संकुलाची नाही. मेघे गावांतील ले-आउटमध्ये नियमाने राखलेल्या खुल्या जागा आहेत; ग्रामपंचायतीने नियमांत बसेल तेवढे लहानसे बांधकाम करून तेथे एक सभागृह, वाचनाची खोली, आठवड्यातून एकदा येणाऱ्या परिचारिकेची बैठक आणि दुपारच्या जेवणाची सामाईक चूल एवढी व्यवस्था केली, तर ज्यांना आपले घर सोडावयाचे नाही, आणि बहुतेकांना ते सोडावयाचे नसतेच, त्यांना त्याच गल्लीत राहून म्हातारपण काढता येईल. वर्ध्याचेच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 पासून अल्प खर्चाच्या, स्थानिक सामग्रीच्या बांधकामाचे प्रयोग करीत आले आहे. या कामी पहिला सल्ला त्याचाच घ्यावा.