रविवारची डाक

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा जिल्हा आहे. मोटारी न वापरता घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश लोकांचा हा मुलूख. तिथल्या क्वारीव्हिल गावच्या पोस्टात २०१२ साली जेरल्ड ग्रॉफ नावाचा माणूस बदली पोस्टमन म्हणून लागला. कायम पोस्टमन रजेवर गेला की त्याच्या भागातली डाक वाटायची, हे त्याचं काम. ग्रॉफ कट्टर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. रविवार उपासनेचा आणि विसाव्याचा, त्या दिवशी नोकरीचं काम करायचं नाही, अशी त्याची श्रद्धा. तो लागला तेव्हा यात अडचण काहीच नव्हती, कारण रविवारी नेहमीची डाक निघतच नसे.

पुढच्याच वर्षी टपाल खात्याने ॲमेझॉनशी करार केला आणि रविवारीही पार्सलं वाटायला सुरुवात झाली. क्वारीव्हिलला ही पाळी अंगावर येणार असं दिसल्यावर ग्रॉफने होल्टवूडच्या पोस्टात बदली मागून घेतली. हे ऑफिस एवढंसं, सगळी मिळून सात माणसं. पण मार्च २०१७ मध्ये ॲमेझॉनची पार्सलं तिथेही पोचली. ग्रॉफ रविवारी कामावर जाईना. एरवीच्या महिन्यांत त्याचा वाटा आसपासच्या गावांसाठी नेमलेल्या केंद्रातले इतर पोस्टमन उचलत. नाताळच्या गर्दीत मात्र होल्टवूडच्याच माणसांना तो भार घ्यावा लागे. एरवी घरोघर डाक वाटणं ज्याचं कामच नाही, तो पोस्टमास्तरसुद्धा पार्सलं घेऊन बाहेर पडला. इकडे ग्रॉफवर एकामागून एक शिस्तभंगाची कारवाई चालूच होती. जानेवारी २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि खात्याला कोर्टात खेचलं.

मजा अशी, की याच राज्यात दोनशे वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रसंग घडला होता. वॉशिंग्टन नावाच्या तिथल्या एका गावात (राजधानीचं शहर वेगळं) ह्यू वायली हा पोस्टमास्तर होता आणि प्रेस्बिटेरियन मंडळीत वडील, म्हणजे एल्डरही होता. रविवारी आसपासचे लोक उपासनेला गावात येत आणि येतायेताच आपली पत्रं घेऊन जात, म्हणून तो पोस्ट उघडं ठेवी. १८०९ साली चर्चच्या वरिष्ठ मंडळाने याच कारणावरून त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. सरकारने १८१० मध्ये कायदाच केला, की डाक येईल त्या दिवशी, रविवार असला तरी, पोस्ट उघडलं पाहिजे. वायलीने नोकरी धरली. चर्चने पुढे आणखी शंभर वर्षं सरकारशी भांडण धरलं, आणि १९१२ मध्ये रविवारची पोस्टं बंद झाली.

ग्रॉफच्या खटल्यात खरा अडसर होता तो १९७७ च्या एका निकालाचा. लॅरी हार्डिसन हा टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या कॅन्सस सिटीतल्या तळावर नोकरीला होता. त्याचा पंथ शनिवारचा शब्बाथ पाळणारा. अमेरिकेतल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे मालकाने नोकराच्या धर्माचरणाला वाव द्यावा लागतो. धंद्याला अवाजवी झळ बसत असेल तरच नकार देता येतो. ‘अवाजवी’ म्हणजे किती? हार्डिसनच्या निकालातलं एक वाक्य खालच्या कोर्टांनी असं धरलं, की किरकोळीपेक्षा थोडा जरी जास्त खर्च पडला तरी मालक मोकळा. पुढची शेचाळीस वर्षं मालकांनी आणि त्यांच्या वकिलांनी त्यावरच निभावून नेलं. ग्रॉफही खालच्या दोन्ही कोर्टांत हरला.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी, नऊच्या नऊ न्यायाधीशांच्या एकमताने, हा अर्थ चुकीचा ठरवला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी लिहिलेल्या निकालानुसार, त्या विशिष्ट धंद्याचा विचार करता खर्चात भरीव वाढ होते हे मालकाला दाखवावं लागेल. सहकाऱ्यांना त्रास होतो, एवढंही पुरेसं नाही. त्या त्रासाने धंद्यावर परिणाम होतो हे दाखवायला हवं. आणि कुणाला त्याचा धर्म किंवा मुळात धर्माला सवलत देणंच खपत नसेल, तर ती कुरकुर हिशेबात धरायचीच नाही. ग्रॉफ जिंकला असं मात्र कोर्टाने म्हटलं नाही. या नव्या मापाने पुन्हा तपासा, म्हणून खटला खाली पाठवला.

मला हा निकाल पटतो, तरी पोस्टमास्तर आणि पोस्टातले उरलेले पाच लोक डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याही घरी नाताळ होता. ठाम राहणाऱ्याचं कौतुक करताना त्याच्या वाटणीचं ओझं कोण वाहतो, हे विचारलंच पाहिजे. ग्रॉफने ते ओळखलं होतं. रविवार सोडला तर इतर दिवशी जादा पाळ्या घ्यायची त्याची तयारी होती. माझ्या लेखी त्याच्या श्रद्धेइतकीच ही तयारीही मोलाची.

आपल्याकडे रविवारचा प्रश्न सहसा उभा राहत नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना जातं. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या झगड्यामुळे, आणि त्यांनी पुढे केलेलं एक कारण होतं खंडोबाचा वार! म्हणजे वसईच्या किंवा अहमदनगरच्या ख्रिस्ती कामगाराची उपासना थोडीफार जेजुरीच्या कृपेवर चालते.

रविवार सोडला की मात्र कायद्याचा आधार तोकडा. खाजगी मालकाने धर्मासाठी सवलत दिलीच पाहिजे, असं सांगणारा अमेरिकेसारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. मोठ्या पदावरही गाडी विनंतीपाशीच अडते. २०१५ साली मुख्य न्यायाधीशांची परिषद ३ एप्रिलला, नेमकी गुड फ्रायडेला ठेवली गेली. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांना पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पंतप्रधानांच्या भोजनालाही येत नाही असं कळवलं. परिषद ठरल्या दिवशीच झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीच्या पत्राने तारीख हलत नाही, तिथे मॉलमधल्या सेल्सगर्लने काय अपेक्षा धरावी?

ती धरतही नाही. रुग्णालयांत, हॉटेलांत, कॉल सेंटरमध्ये हे आपसांतच मिटतं. ख्रिस्ती नर्स लक्ष्मीपूजनाची रात्र अंगावर घेते, नाताळच्या मध्यरात्रीची ड्युटी दुसरी कुणी घेते, आणि सिस्टर इन्चार्ज वहीत दोन नावं खोडून इकडची तिकडे लिहिते. यात सौजन्य आहे, पण हक्क नाही. इन्चार्ज बदलली की हिशेब पहिल्यापासून. म्हणून नोकरी धरतानाच, मुलाखतीच्या टेबलावर, आपला कोणता दिवस सोडता येणार नाही आणि त्याच्या बदल्यात कोणते दिवस आपण भरून देऊ, हे सांगून ते नेमणूकपत्रात लिहून घ्यावं.